शिकवायला जाणाऱ्याने आधी काय शिकावे?

परदेशात जाऊन सेवाभावाने वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या डॉक्टरांचे अनुभव आपण वाचले, तर पहिल्या दिवसांचे वर्णन बहुधा सारखेच असते. औषधे अपुरी, उपकरणे जुनी, विद्यार्थी मात्र उत्साही. वाचून आपल्याला कौतुक वाटते. पण त्या डॉक्टरसमोर लवकरच एक अवघड प्रश्न उभा राहतो.

समोर रुग्ण आहे, जखम शिवायची आहे. तुम्ही शिवलीत तर दहा मिनिटांत नीट होईल. विद्यार्थ्याने शिवली तर अर्धा तास लागेल, त्याचा हात थरथरेल आणि त्रास रुग्णाला होईल. जखम कोणी शिवावी?

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना खर्च आणि गुंतवणूक यांतला फरक सुरुवातीलाच शिकवतात. त्या हिशेबाने उत्तर सोपे आहे. पाहुणा डॉक्टर परत गेल्यावर टाके घालायला कोणीतरी हवेच, म्हणून विद्यार्थ्याला शिवू द्यावे. हा हिशेब मला पटतो, पण पूर्णपणे नाही. खाटेवरचा माणूस म्हणजे कोणाची गुंतवणूक नव्हे. त्याला विचारले का? त्याला कळेल अशा भाषेत विचारले का?

इथे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. (व्ही. शांतारामांचा त्यांच्यावरचा चित्रपट आपल्या आजी-आजोबांनी पाहिला असेल.) १९३८ साली युद्धग्रस्त चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. तिथे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते थांबले. पथकातले काही जण परतले, तरीही ते थांबले. उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात, डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव दिलेल्या वैद्यकीय विद्यालयात ते शिकवू लागले, आणि तेही चिनी भाषेत.

या शेवटच्या गोष्टीवर आपण क्षणभर थांबूया. मी अनुवादाची सेवा करते, म्हणून मला ती फार मोठी वाटते. पदवी घेऊन गेलेला माणूस परक्या भाषेत पुन्हा बालवर्गात बसतो. उच्चार चुकतो, लोक हसतात, कालचा विद्यार्थी आज त्याला शब्द शिकवतो. 'मी देणारा आणि हे घेणारे' ही भावना तिथे फार काळ टिकत नाही. दुभाष्याकडून काम भागले असते, पण घाबरलेल्या जखमी सैनिकाला 'हा मुलगा टाके घालेल, मी शेजारीच आहे, चालेल ना?' असे स्वतः विचारता आले नसते. विद्यार्थ्याचा हात चुकीकडे वळला तर रुग्णासमोर त्याचा अपमान न करता हळूच सांगताही आले नसते.

माझ्या मते जखम विद्यार्थ्यानेच शिवावी. मात्र शिक्षकाने तिथून हलू नये, आणि रुग्ण नाही म्हणाला तर सुई स्वतः हातात घ्यावी.

डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी गेले. त्या काळात ते विद्यार्थ्यांसाठी चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते.