चंद्रप्रभेचे सिंह

नागपूरहून स्वतःची गाडी काढून जबलपूर, रीवामार्गे काशीला जाणारी मराठी कुटुंबं हल्ली पुष्कळ. तंबू, शेगडी, सतरंजी सगळं बरोबर. विश्वनाथाचं दर्शन झालं की कुणीतरी सुचवतं, चला, चंद्रप्रभा बघून येऊ. वाराणसीपासून साधारण सत्तर किलोमीटरवरचं हे अभयारण्य. राजदरी आणि देवदरी हे तिथले धबधबे.

पावसाळ्यातल्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. उत्तरेतला श्रावण आपल्याआधी पंधरवडाभर लागतो, त्यामुळे आपल्या लोकांना गर्दीचा अंदाज येत नाही. खडकावर चूल, बाजूला स्पीकर, दगडांच्या फटीत अडकलेल्या पत्रावळी आणि वेफर्सची ओली पाकिटं.

याच रानात १९५७ साली गीरचे सिंह आणून सोडले होते. एक नर, दोन माद्या. १९६५पर्यंत ते अकरा झाले आणि पुढे एकही उरला नाही. रान तेव्हा शंभर चौरस किलोमीटरही नव्हतं. सिंहाला हे अंगण फार तोकडं, आणि त्यातही आपण माणसं दाटीनं शिरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाणार असाल तर मंगळवारी-बुधवारी जा. जेवण शहरातूनच बांधून न्या, स्पीकर गाडीत राहू दे. आणि धबधब्याआधी मुलांना त्या अकरा सिंहांची गोष्ट सांगा. सिंहांना दुसरं घर देण्याचा विषय पुढेही निघाला: २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत न्यायला सांगितलं. २०२२मध्ये तिथे चित्ते आले. सिंह अजून गुजरातेतच आहेत.