दिसले म्हणजे आपले झाले का?

धर्मग्रामाची वेबसाईट असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चर्चचा सण, प्रथम कम्युनियन, ज्युबिली अशा प्रसंगांचे व्हिडिओ तिच्यावर ठेवले जातात. कधी दुसऱ्या कुणी तयार केलेला सुंदर व्हिडिओ नजरेस पडतो आणि तोही आपल्या वेबसाईटवर असावा असे वाटते. "चांगल्या कामासाठीच तर वापरायचा आहे, त्यात परवानगी कसली?" असे आपण सहज म्हणून जातो. परंतु या साध्या प्रश्नात न्यायाचा मुद्दा दडलेला आहे.

शेजाऱ्याच्या वाडीतला केळीचा घड न विचारता कापून नेणे ही चोरी आहे, हे लहान मुलालाही कळते. सातवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेली असते. पण व्हिडिओची नक्कल केली तरी मूळ व्हिडिओ मालकाकडे राहतोच. मग त्याचे गेले काय?

त्याचा ठरवण्याचा हक्क गेला. आपले काम कुणी, कुठे, कशासोबत आणि कोणत्या मोबदल्यात दाखवावे, हे ज्याने ते केले त्याने ठरवायचे असते. पाच मिनिटांच्या व्हिडिओमागे चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांचे कित्येक दिवसांचे श्रम असू शकतात. ज्यांचे घर यावरच चालते, असे तरुण आपल्या आसपासही आहेत. संत याकोबाच्या पत्रात शेतमजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल धनवंतांना कडक शब्दांत सुनावले आहे. आजचा मजूर कधी हातात कॅमेरा घेऊनही उभा असतो.

मग पवित्र विषयावर कुणा एकाची मालकी कशी, असे कुणी विचारील. विषयावर मालकी नसतेच. दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवतांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यांनी प्रेरणा घेतली, पण चित्रपट मात्र स्वतःच्या श्रमाने उभा केला. कल्पना सर्वांची असते. तिला दिलेले रूप ते घडवणाऱ्याचे असते.

आपल्या देशातील १९५७ चा कॉपीराईट कायदाही हाच भेद मानतो. चित्रपट वा व्हिडिओवरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, मग ती कृती सर्वांची होते. तोवर वापरासाठी मालकाचा लेखी परवाना घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. वेबसाईट तर साऱ्या जगात दिसते. म्हणून या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे ठरते.

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत वा ध्वनिमुद्रण सादर करण्यास कायद्याने सूट दिली आहे. पण ती विधीपुरती आहे; वेबसाईटवर ठेवलेला व्हिडिओ म्हणजे विधी नव्हे. लग्नाच्या व्हिडिओचेही असेच आहे. पैसे देऊन तो करून घेणारा, वेगळा करार नसेल तर, त्याचा पहिला मालक ठरतो. मात्र मागे वाजणाऱ्या सिनेमातील गाण्याचा हक्क त्याला मिळत नाही. शिवाय त्यात दिसणाऱ्या माणसांची, विशेषतः मुलांच्या पालकांची, संमती घेणे हे आपले कर्तव्य उरतेच.

"खाली त्यांचे नाव दिले आहे" ही सबबही पुरेशी नाही. नाव देणे ही कृतज्ञता झाली, परवानगी नव्हे. घड कापून नेला आणि वाडीवाल्याचे नाव सर्वांना सांगितले, म्हणून तो आपला होत नाही.

सुदैवाने, आपणहून देणारी माणसेही जगात पुष्कळ आहेत. २००२ पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या परवान्यांद्वारे अनेकजण आपले काम इतरांना वापरू देतात. कुणी फक्त नाव देण्याची अट घालतो, कुणी व्यापारी वापर नको म्हणतो, कुणी बदल करू नका म्हणतो. यूट्यूबवरही २०११ पासून असा परवाना निवडता येतो. तेथील व्हिडिओ उतरवून आपल्या नावाने पुन्हा चढवण्यापेक्षा, यूट्यूबने दिलेल्या सोयीनुसार तो तेथूनच आपल्या पानावर दाखवणे केव्हाही बरे. मात्र तो तेथे ठेवणारा स्वतः खरा मालक आहे ना, हे पाहिले पाहिजे.

बहुतेक वेळा चार ओळींचे पत्र पुरते: आम्ही कोण, कोणता व्हिडिओ हवा, कुठे व किती काळ दाखवणार, मोबदला काय द्यावा. उत्तर 'नाही' असे आले तर ते शांतपणे मान्य करू या. उत्तर आलेच नाही, तर गप्प राहणे म्हणजे होकार असे समजू नये. आणि आपल्या धर्मग्रामाने स्वतः तयार केलेले व्हिडिओ इतरांना उपयोगी पडत असतील, तर तेही खुल्या परवान्याने देऊ या. मागून घेणे आणि मोकळ्या हाताने देणे, या दोन्ही गोष्टी आपल्याला शोभतील.