चौकट कोणासाठी?

आमच्या घरात ‘पाकीझा’च्या दोन डीव्हीडी आहेत. एक अम्मीची, एक आमची. एकाच सिनेमाच्या दोन तबकड्या कशाला, असे पाहुणे विचारतात. अम्मीची तबकडी लावली की जुन्या टीव्हीचा सगळा पडदा भरून जातो. आमची लावली की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि मध्ये आडवे, लांबट चित्र उरते. पहिलीच्या वेष्टनावर लिहिले आहे ‘फुल स्क्रीन’, दुसरीच्या ‘वाइडस्क्रीन’. नावावरून कोणालाही वाटावे, की पहिलीत चित्र पूर्ण आहे आणि दुसरीत पट्ट्यांखाली काहीतरी झाकले आहे. खरे तर उलट आहे. पूर्ण आहे तो पडदा. चित्र अर्धेमुर्धे आहे.

हिशेब साधा आहे. जुन्या टीव्हीची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण चारास तीन. सिनेमाचा पडदाही पूर्वी जवळपास असाच होता. पुढे टीव्ही घरोघर येऊ लागला, प्रेक्षक थिएटरकडे फिरकेनात, तेव्हा अमेरिकेत 1953 साली ‘द रोब’पासून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. आपल्याकडे तो गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’ने 1959 साली आणला. 1972 साली प्रदर्शित झालेला कमाल अमरोहींचा ‘पाकीझा’ही त्याच पडद्याचा. या चित्राची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक. ते चारास तीनच्या चौकटीत काठोकाठ बसवायचे, तर रुंदीतले शंभरातले सुमारे 43 भाग टाकून द्यावे लागतात.

टाकायचे कोणते, हे कोण ठरवते? दिग्दर्शक नव्हे, छायाचित्रकारही नव्हे. कुठल्याशा खोलीत यंत्रासमोर बसलेला एक तंत्रज्ञ. तो चित्रावरून एक छोटी खिडकी डावी-उजवीकडे सरकवतो. दोन माणसे दोन टोकांना उभी असतील तर कधी हा दिसतो, कधी तो. मूळ कॅमेरा स्थिर असताना आपल्याला तो हललेला दिसतो. जे बोलणे एका नजरेत होते त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्या दोघांमधले अंतर नाहीसे होते. ‘कागज के फूल’मध्ये रिकाम्या स्टुडिओत प्रकाशाच्या झोताच्या अल्याड-पल्याड उभी असलेली ती दोघे आठवा. तिथे ते अंतर हीच तर गोष्ट आहे.

‘पाकीझा’त नायिका कोठ्यावर नाचते, तेव्हा मागे दूरवरच्या सज्ज्यांमध्ये आणखी मुली नाचताना दिसतात. कोणी त्यांच्याकडे बघत नाही, त्यांना नावे नाहीत. पण त्या आहेत म्हणून कळते, की ही कहाणी एका सुंदर बाईची नाही, अख्ख्या बाजाराची आहे. चित्र दोन्ही बाजूंनी कापले की आधी काठावरच्या मुली जातात. राहते ती फक्त मीनाकुमारी. सिनेमा तोच, संवाद तेच, पण त्याने विचारलेला प्रश्न बदलला.

हे सगळे आम्ही अम्मीला एकदा उत्साहाने समजावले. ती शांतपणे म्हणाली, “तुझं खरं असेल बाबा. पण मला मोतीबिंदू. त्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या चित्रात मला तिचे डोळे दिसत नाहीत. डोळे दिसले नाहीत तर मी काय बघू?”

आम्ही गप्प झालो. तिचे म्हणणे खोटे नव्हते. पैसे देऊन आणलेली वस्तू आपल्या सोयीने वापरण्याचा माणसाला हक्क नाही काय? पुस्तकाचे आपण आवडते पानच पुन्हा वाचतो, गाण्याचा एकच अंतरा गुणगुणतो. मग अम्मीने काय गुन्हा केला?

उत्तर तिच्याकडूनच मिळाले, तिच्या नकळत. बैठकीच्या खोलीत अब्बांच्या तरुणपणीचा एक फोटो टांगलेला आहे. मित्रमंडळी, भाऊबंद, सगळे एका रांगेत. तो लावायला दिला तेव्हा फ्रेमवाल्याकडे तयार चौकट होती, तिच्यात मावावा म्हणून त्याने फोटोची एक कड कापली. त्या कडेला धाकटे चाचा उभे होते. आता त्यांचा फक्त खांदा दिसतो. चाचा लवकर गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही. अम्मी आजही त्या फ्रेमवाल्याला माफ करत नाही. “चौकट लहान होती तर मोठी करायची. माणूस का कापला?” हा तिचा सवाल.

फरक इथे आहे. अम्मी डोळ्यांसाठी चित्र जवळ ओढते तेव्हा मूळ चित्र कुठेतरी शाबूत असते. उद्या दुसरा कोणी ते पूर्ण पाहू शकतो. फ्रेमवाल्याने कात्री चालवली, ती सर्वांच्या वतीने आणि कायमची. बाजारात फक्त कापलेली तबकडी विकणारा त्या फ्रेमवाल्याच्या जवळ जातो, आणि तिला ‘फुल’ म्हणतो तेव्हा त्याच्याही पुढे जातो. कापणे ही एक वेळ गरज असेल. कापलेल्याला पूर्ण म्हणणे हे असत्य आहे.

आपला कायदाही मालकीला मर्यादा घालतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम कलावंताला आपल्या कृतीची विटंबना रोखण्याचा हक्क देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझशिल्प 1979 साली सरकारने काढून टाकले. शिल्प सरकारच्याच मालकीचे होते, तरी 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते कलावंताला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. सिनेमाच्या बाबतीत मात्र कायदा निर्मात्याला कर्ता मानतो, दिग्दर्शकाला नाही. तिथे कात्रीला आवर घालायला बऱ्याचदा पाहणाऱ्याची जाणीवच उरते.

आता टीव्हीच रुंद झाले आहेत. प्रश्न मिटला असे वाटले होते, पण तो उलटा होऊन परत आला. जुनी चौकोनी चित्रे रुंद पडद्यावर भरण्यासाठी वरून-खालून कापली जातात. 2019 साली डिस्ने प्लसवर ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग असेच कापून आले, तेव्हा काही विनोदच चौकटीबाहेर गेले. लोकांनी तक्रारी केल्या आणि 2020 साली मूळ आकार परत मिळाला.

म्हणजे दोष पडद्याच्या आकाराचा नव्हता. रिकामी जागा आपल्याला सोसत नाही, हे खरे दुखणे. काळी पट्टी ही आपल्या पडद्याची कबुली आहे: माझ्यापेक्षा हे चित्र वेगळे आहे, मी त्याला जागा करून देतो आहे. एवढी कबुली द्यायला माणसाला जड जाते. सिनेमातच नव्हे, इतिहासात, वस्तीत, घरातसुद्धा. चौकट भरलेली दिसावी म्हणून काठावर कोण होते हे आपण विसरून जातो.

अम्मीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. परवा तिने आपण होऊन आमची तबकडी मागितली. सिनेमा पाहताना मध्येच म्हणाली, “अगं बाई, मागे इतक्या पोरी होत्या?”

त्या सुरुवातीपासून होत्या.