दोन कोठारे

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक समज फार दिवसांपासून घर करून बसला आहे. तो असा की, ज्या राष्ट्रांनी प्रभू येशूचा स्वीकार केला ती राष्ट्रे सधन झाली, आणि ज्यांनी केला नाही ती दरिद्री राहिली. सुवार्तिक एखाद्या वाडीत गेला म्हणजे हा मुद्दा त्याच्या तोंडी सहज येतो. ऐकणाऱ्यांसही तो पटतो, कारण गोऱ्या लोकांच्या देशांची चित्रे त्यांनी पाहिलेली असतात. अलीकडे तर कित्येक उपदेशक गावोगाव मंडप घालून याहूनही पुढची गोष्ट सांगतात. तू विश्वास धर, म्हणजे तुझ्या घरात पैसा येईल, असे त्यांचे म्हणणे. ज्याचे लेकरू आजारी आहे व ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याने हे ऐकून काय समजावे? पैसा आला नाही तर आपला विश्वास खोटा होता, असेच ना? तेव्हा या समजाची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

त्यासाठी दोन देश घेऊ. दोन्ही ख्रिस्ती आहेत. दोहोंसही भूमीच्या अथवा समुद्राच्या पोटातून एकाएकी धन मिळाले. एकाचे नाव नाउरू, दुसऱ्याचे नॉर्वे.

नाउरू हे पॅसिफिक महासागरातील एक लहानसे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढे. वस्ती सुमारे बारा हजार. बेटाला वळसा घालणारा रस्ता वीस किलोमीटरही भरत नाही. पूर्वी येथील लोक मासे, नारळ आणि आपल्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाचे फळ यांवर राहत असत. १८९९ साली फिलिप देलापोर्ट नावाचे मिशनरी तेथे गेले. त्यांनी ती भाषा लिहावयास शिकविली व पवित्र शास्त्राचे तिच्यात भाषांतर केले. लोकांनी सुवार्ता ऐकली आणि मानली. नेमक्या त्याच सुमारास सिडनी शहरातील एका कंपनीच्या कचेरीत दार अडविण्यासाठी ठेवलेल्या एका दगडाकडे अल्बर्ट एलिस या गृहस्थाचे लक्ष गेले. दगड नाउरूहून आलेला होता. त्याने तो तपासला, तेव्हा तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. आपले शेतकरी ज्याला ‘सुपर’ म्हणतात ते खत ज्यापासून करतात, तोच हा पदार्थ. अशा रीतीने शास्त्राचे वचन आणि धन ही दोन्ही एकाच पिढीच्या दारी आली.

पुढे काय झाले ते ऐकावे. बेट प्रथम जर्मनांच्या ताब्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांच्या हाती आले. खाणीचा माल परदेशी शेतांवर पडत होता आणि जमिनीच्या मालकास आरंभी टनामागे अर्धा पेनी मिळत होता. १९४३ साली जपानी सैन्याने सुमारे १२०० नाउरूवासीयांना दूरच्या त्रुक बेटांवर नेले. त्यांपैकी ७३७ जण १९४६ च्या ३१ जानेवारीस परत आले. उरलेल्यांची हाडे तिकडेच राहिली. बावीस वर्षांनी, त्याच तारखेस, १९६८ साली देश स्वतंत्र झाला. १९७० साली खाणी लोकांच्या स्वतःच्या हाती आल्या. मग मात्र पैशाचा पूर आला. त्या दशकात नाउरूचे दरडोई उत्पन्न जगातील पहिल्या काही देशांत गणले जात असे. कर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट. मेलबर्न शहरात देशाच्या नावाची ५२ मजली इमारत १९७७ साली उभी राहिली. एवढ्याशा बेटाने स्वतःची विमाने चालविली. १९९३ साली लंडनमध्ये एका संगीत नाटकासही या देशाने पैसा पुरविला, आणि ते नाटक आपटले. हे नाटक बेटावरील कोणा माणसाच्या काय कामाचे होते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

खाण संपत आली तेव्हा बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खोदून झाला होता. मधले पठार म्हणजे उंच सुळक्यांचे रान झाले. त्यावर ना नांगर चालतो, ना घर बांधता येते. मेलबर्नची इमारत २००४ साली विकली गेली. पुढच्याच वर्षी धनकोंनी शेवटचे विमान ओढून नेले. २००१ पासून ऑस्ट्रेलियाकडे आश्रय मागणाऱ्या परदेशीयांना आपल्या बेटावर ठेवून घेणे व त्याचा मोबदला घेणे, हे सरकारचे उत्पन्नाचे एक मोठे साधन झाले. जे लोक मासे धरून खात, ते डब्यातले मांस व आयात केलेला तांदूळ खाऊ लागले. आज तेथे मधुमेह व स्थूलपणा जगातील अत्यंत पीडित देशांइतका आहे, आणि माणसाचे सरासरी आयुष्य साठीच्या थोडे पुढे जाते.

आता नॉर्वेकडे वळू. युरोपच्या उत्तर टोकाचा हा देश डोंगर व बर्फ यांनी भरलेला आहे. तेथे ख्रिस्ती धर्म सुमारे हजार वर्षांपासून आहे, आणि त्या हजार वर्षांपैकी बहुतेक काळ हा देश गरीबच होता. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन पोटासाठी अमेरिकेस निघून गेले. जे आपला वर सांगितलेला मुद्दा मांडतात त्यांनी ही गोष्ट विसरू नये. तीच प्रार्थना, तोच प्रभुभोजनाचा मेज, आणि तरीही घरात भाकर नाही, अशी पिढ्यान्पिढ्यांची स्थिती होती. १९६९ च्या डिसेंबरात उत्तर समुद्राच्या तळाशी एकोफिस्क येथे तेलाचा मोठा साठा सापडला. नॉर्वेचे लोक त्या दिवशी एकाएकी अधिक धार्मिक झाले होते असे कोणी म्हणत नाही.

तेल सापडण्यापूर्वी एक वर्ष, १९६८ साली, इराकमधील बसरा येथील फारूक अल-कासिम नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ ऑस्लो शहरी आले होते. त्यांच्या लहान मुलास मेंदूचा पक्षाघात होता व त्यास तेथे उपचार मिळण्याजोगे होते. पत्नी नॉर्वेची. काम मिळते का ते पाहावे म्हणून हे गृहस्थ उद्योगखात्याच्या कचेरीत गेले. आपल्या मायदेशी परकीय कंपन्यांनी तेलाचे काय केले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. देशाचे तेल देशाच्या ताब्यात कसे राहील, याची जी घडी पुढे बसविण्यात आली तिच्यात या परदेशी माणसाचा मोठा हात होता. तेल काढणाऱ्या कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर बसला. १९९० साली कायदा करून एक निधी निर्माण केला गेला व १९९६ साली त्यात पहिली रक्कम पडली. सर्व पैसा देशाबाहेर गुंतविला जातो, आणि सरकारने त्यातून दरवर्षी अदमासे फळापुरतेच घ्यावयाचे, असा दंडक २००१ साली घालण्यात आला. प्रथम शेकडा ४ व २०१७ पासून शेकडा ३ ही मर्यादा आहे. २०२४ च्या अखेरीस हा निधी सुमारे २० लाख कोटी क्रोनरांचा होता, म्हणजे देशातील तान्ह्या बाळासह दर माणशी सुमारे ३५ लाख क्रोनर. सरासरी आयुष्य तेथे ८३ वर्षांच्या घरात आहे.

वाचकांस येथे योसेफाची आठवण झाली असेल. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात तोही परदेशीच होता. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरावा अशी मसलत त्याने फारो राजास दिली. तेव्हा नॉर्वेने योसेफाचे ऐकले व नाउरूने ऐकले नाही, असे म्हणून आपण हा लेख येथे संपवू शकलो असतो.

परंतु तसे म्हणणे खोटे होईल. नाउरूनेही कोठार बांधले होते. खाण एक दिवस संपणार हे त्यांच्या पुढाऱ्यांस पक्के ठाऊक होते. म्हणून स्वातंत्र्याच्या वेळेपासूनच फॉस्फेटच्या उत्पन्नाचा एक भाग पुढच्या पिढ्यांसाठी एका ट्रस्टमध्ये बाजूस पडत होता, आणि १९९० च्या सुमारास त्यात शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या घरात रक्कम होती. काटकसरीची बुद्धी नव्हती असे नाही. कोठार होते, धान्यही होते. ते गेले कोठे, हा खरा प्रश्न आहे. ते कर्जे फेडण्यात गेले, तोट्याच्या इमारतींत व विमानांत गेले, आणि बाहेरून आलेल्या गोड बोलणाऱ्या सल्लागारांच्या खिशांत गेले. ट्रस्टचे हिशोब लोकांपुढे नीटपणे येत नसत. ज्यांचे धन होते त्यांनी विचारले नाही, आणि ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांनी सांगितले नाही.

योसेफाच्या कथेचा जो भाग आपण रविवारच्या शाळेत सहसा शिकवीत नाही, तो ४७ व्या अध्यायात आहे. दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी आपलेच धान्य आपल्याच पैशाने विकत घेतले. पैसे सरले तेव्हा गुरे दिली, गुरे सरली तेव्हा जमिनी दिल्या, आणि शेवटी ते फारोचे दास झाले. कोठार भरलेले होते, पण त्याची किल्ली लोकांजवळ नव्हती. साठविणे हा सद्गुण खरा. तथापि किल्ली कोणाजवळ आहे हे न पाहता साठविलेले धन साठविणाऱ्यासच बांधू शकते.

मग नॉर्वेच्या लोकांस हिशोब विचारण्याची सवय कोठून लागली? याची कारणे पुष्कळ आहेत. १८१४ पासून त्यांची स्वतःची राज्यघटना व लोकसभा होती. तेल सापडले तेव्हा त्या सभेचे वय दीडशे वर्षांहून अधिक झाले होते. परंतु आपल्या उपदेशकांच्या जिव्हाळ्याचे एक कारण त्याहून जुने आहे. १७३६ साली त्या राज्यात दृढीकरण सर्वांस सक्तीचे करण्यात आले, आणि दृढीकरणासाठी प्रश्नोत्तरावली वाचता येणे भाग होते. म्हणून १७३९ साली शाळांचा कायदा झाला. गावे विरळ, रस्ते बर्फाचे. तेव्हा शाळामास्तर स्वतःच एका शेतवाडीतून दुसऱ्या शेतवाडीत जाई, काही आठवडे त्या घरी राही व मुलांस अक्षरे शिकवी. त्यास पगार तुटपुंजा होता. आपण शिकवीत असलेले पोर वाचू लागले म्हणजे त्याचा पणतू राष्ट्राचा जमाखर्च वाचून प्रश्न विचारील, असे त्या मास्तराच्या स्वप्नीही आले नसेल. ख्रिस्ती धर्माचा देशाच्या सुबत्तेशी काही संबंध असलाच तर मला तो या वाटेने दिसतो. आकाशातून बक्षीस पडल्याप्रमाणे तो आलेला नाही.

नाउरूस ही सवड कोणी दिली? स्वातंत्र्य आणि खाणीची मालकी यांत अवघी दोन वर्षे गेली. त्यापूर्वीची साठ वर्षे हिशोब परक्यांनीच लिहिले व परक्यांनीच वाचले. ज्यास पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, हे प्रभूचे म्हणणे आपण नाउरूस लावतो, तेव्हा दिले काय होते हेही पाहावे. धन दिले, ते सांभाळण्याची शिकवण दिली नाही. यास्तव त्या लोकांस आळशी व उधळे म्हणून हसणे मला न्यायाचे वाटत नाही. शिवाय, त्यांची देवळे आजही रविवारी भरतात. नॉर्वेची बहुतांशी रिकामी असतात.

हा प्रश्न दूरच्या बेटाचाच आहे असे कोणी समजू नये. नागपूर–मुंबई महामार्गासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या खात्यांत एका दिवशी एवढी रक्कम आली की बापजाद्यांनी कधी पाहिली नव्हती. काहींनी दुसरीकडे जमीन घेतली, काहींच्या दारी नवी गाडी उभी राहिली. जमीन ही खाणच आहे. एकदा विकली म्हणजे नातवास ती मिळत नाही. त्या पैशात घरातल्या बाईस व अजून न जन्मलेल्या लेकरास वाटा आहे की नाही, हे सही करणाऱ्या पुरुषाने कोणास विचारले? आणि मंडळीचीच गोष्ट घ्या. पीकदानाच्या सणात जे धान्य व पैसे येतात, त्यांचा जमाखर्च वर्षातून एकदा तरी सर्वांपुढे वाचला जातो काय? प्रेषित पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, म्हणजे कोणास बोट ठेवावयास जागा राहू नये. पौलासारख्यास जे आवश्यक वाटले ते आपल्या पंचांस अपमानाचे वाटते, हे विचित्र आहे.

नॉर्वेची स्तुती करावयाची ती येथवरच. त्याच्या निधीस नीतीचे नियम लावलेले आहेत. तंबाखू करणाऱ्या कंपन्यांत तो पैसा घालीत नाही. परंतु तो निधी भरला कशाने? तेल व वायू विकून. ते जाळल्याने पृथ्वी तापते, बर्फ वितळतो, समुद्र वर चढतो. आपल्या न जन्मलेल्या नातवंडांस त्या देशाने शेजारी मानले, हे खरे. दुसऱ्यांची न जन्मलेली नातवंडे त्याच्या हिशोबात कोठे बसतात, ते त्याच्या वहीत सापडत नाही.

नाउरूची घरे समुद्राकाठच्या चिंचोळ्या पट्टीवर आहेत, आणि पाणी त्या पट्टीकडे येत आहे. २०१५ साली त्या देशाने पुन्हा एक निधी उघडला. या वेळी ऑस्ट्रेलिया व तैवान यांनीही त्यात रक्कम घातली, आणि केवळ स्वतःच्या पुढाऱ्यांच्या हाती किल्ली ठेवलेली नाही. २०२५ पासून सुमारे एक लाख पाच हजार अमेरिकन डॉलर देणाऱ्या परदेशीयास नाउरूचे नागरिकत्व मिळू लागले आहे. त्या पैशातून लोकांची घरे किनाऱ्यावरून उंचावर न्यावयाची आहेत. उंच जागा बेटावर एकच आहे, ते मधले खोदलेले पठार. आता तेथील सुळके फोडून जमीन सपाट करण्याचे काम पुढे आहे.