मले काही नाही झालं

शाळामास्तराला वर्षभर लहानसहान निवाडे करावे लागतात. त्यांतला एक मी चुकीचा केला, आणि तो फराळाच्या ताटावर बसलो असतानाही आठवतो.

बुलढाणा जिल्ह्यातलेच एक गाव, खो-खोचा सामना. आमचा एक मुलगा भरधाव येऊन खांबावर आदळला. रक्त नाही, साधे टेंगूळही नाही. क्षणभर तो भलतीकडेच पाहत राहिला. मी विचारले, "काय रे, कसं वाटतंय?"

"सर, मले काही नाही झालं. खेळू द्या ना!"

मी खेळू दिले. आम्ही जिंकलोही! दुसऱ्या दिवशी त्याला सामन्याचा शेवट आठवेना. पुढे कित्येक दिवस फळ्याकडे पाहिले की डोके दुखे.

मुलगा खोटे बोलला का? मुळीच नाही. हात मोडला तर दुखणे हाताचे आणि साक्ष मेंदूची. इथे मार ज्याला बसला त्यालाच मी साक्षीला उभे केले!

डॉक्टर ह्याला कन्कशन म्हणतात. हिसक्यासरशी मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते; ती घडी पुन्हा बसवताना पेशींची शक्ती खर्ची पडते. छायाचित्रात बहुधा काहीच दिसत नाही. त्या अवस्थेत दुसरा तडाखा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, क्वचित जिवावरही बेतते.

१९६२ साली बार्बाडोसमध्ये ग्रिफिथच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, तेव्हा प्रतिपक्षाच्या फ्रँक वॉरेलने रक्त दिले. आपल्या बोर्डे-नाडकर्णींनीही दिले. जखम दिसली की माणूस धावतो. न दिसणाऱ्या हादऱ्यासाठी बदली खेळाडू देण्याचा नियम कसोटी क्रिकेटमध्ये यायला २०१९ साल उजाडले.

आता मला ठाऊक आहे : संशय आला की त्या दिवशी खेळ बंद. एकदोन दिवस विसावा. पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घालणे नको. मग थोडे चालणे, थोडा अभ्यास, आणि पायरीपायरीने, डॉक्टरांच्या अनुमतीने मैदान.

पण त्या वेळी हे ठाऊक नव्हते, असे म्हणून मला सुटता येत नाही. त्याची ती भलतीकडची नजर मी पाहिली होती. तरीही त्यालाच विचारले, कारण त्याच्या होकारात माझी सोय होती. मुलाच्या इच्छेचा मान राखावा, हे खरे. पण अकराव्या मिनिटाला गुण हवे असतात तेव्हाच तो राखण्याची आम्हां मोठ्यांना बरी आठवण होते!

मुलगा बरा झाला. आज शेती करतो. परवा बाजारात भेटला, तेव्हा त्याने पुन्हा तेच विचारले, "सर, शेवटचा गडी म्याच बाद केला होता ना?"

"तूच केलास," मी म्हटले. त्याला तेवढाच सामना हवा होता.