माझी लावणी कुणाच्या घरची?

क्योतोच्या गिऑन भागात फिरायला निघालो तेव्हा आमच्या गाइडबाईंनी सगळ्यांत आधी फोन खिशात ठेवायला लावले. साठीच्या पुढच्या, त्याच शहरात वाढलेल्या, चालायला आमच्यापेक्षा चपळ. न्यूजर्सीहून पुण्याला जाताना वाट वाकडी करून चार दिवस जपानमध्ये काढायचे, हा माझ्या चौदा वर्षांच्या लेकीचा हट्ट. हानामिकोजी नावाच्या मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या एका बोळापाशी बाई थांबल्या. तिथे पाटी होती: खाजगी रस्ता, आत शिरल्यास दहा हजार येन दंड. २०२४ पासून पर्यटकांना अशा बोळांमध्ये मनाई आहे. संध्याकाळी कामावर निघालेल्या मुलींच्या किमोनोला हात घालून फोटो काढण्यापर्यंत लोकांची मजल गेली होती.

या मुलींना तिथे गेइशा म्हणत नाहीत. गेइको म्हणतात, आणि शिकाऊ असेल तर माइको. त्या राहतात ते घर वेगळं, आणि पाहुण्यांसमोर गातात-नाचतात ते ओचाया, म्हणजे शब्दशः चहाघर, ते वेगळं. पूर्वी बैठकीचा वेळ उदबत्तीवर मोजत. जितक्या उदबत्त्या जळाल्या तितके पैसे.

“आत कसं असतं?” लेकीनं विचारलं.

“मी कधी गेलेली नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. तिथल्या जुन्या चहाघरांत अनोळखी माणसाला प्रवेश नसतो, आधीच्या गिऱ्हाइकानं तुमची हमी घ्यावी लागते. इतकी वर्षं लोकांना ते दार बाहेरून दाखवणाऱ्या या बाईंना आत नेणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

मग त्या नाचाबद्दल सांगू लागल्या. गिऑन कोबूमध्ये नाच फक्त इनोउए घराण्याचा. एप्रिलमधला मियाको ओदोरी हा जाहीर कार्यक्रम १८७२ पासूनचा, त्याचं तिकीट कुणालाही मिळतं. आणि माइकोला नवं नाव मिळतं तेव्हा त्यात तिच्या थोरल्या ‘बहिणीच्या’ नावातलं एक अक्षर घेतात. नाव ऐकलं की जाणकाराला कळतं, ही कुणाच्या हाताखालची.

लेक थोडा वेळ गप्प चालली. मग मराठीत म्हणाली, “आई, माझी लावणी कुणाच्या घरची?”

तिनं दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या गणेशोत्सवात लावणी केली होती. शाळेचं भाड्यानं घेतलेलं सभागृह, ऑनलाइन मागवलेली शिवलेली नऊवारी, सिनेमातलं गाणं, व्हिडिओ पाहून बसवलेल्या अदा. काकालोकांनी शिट्ट्या मारल्या, मावश्यांनी दृष्ट काढली. वन्स मोअर मिळाला.

“अगं, ती लोककला आहे,” मी म्हणाले. “म्हणजे सगळ्यांचीच.”

ऐकायला छान उत्तर होतं, पण ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं.

लहानपणी आम्ही पुण्याहून सोलापूरला एसटीनं जायचो. वाटेत चौफुला लागायचं. रस्त्याच्या कडेला थिएटरांच्या पाट्या, त्यांवर बायकांची नावं, रंगीत दिवे. मी एकदा विचारलं, इथे काय असतं? बाबांनी हात लांब करून खिडकी ओढून घेतली आणि म्हणाले, “धूळ येतेय.” आईनं मला पलीकडच्या बाजूला बसवलं. त्यानंतर मी विचारलं नाही, आणि न विचारताच मला सगळं कळलं, जसं आपल्या घरांतल्या मुलींना कळतं.

ती संगीत बारीची थिएटरं. चौफुला, मोडनिंब, जामखेड, पुण्यातलं आर्यभूषण. तमाशाच्या फडात वग असतो, सोंगाड्या असतो. बारीत फक्त गाणं आणि नाच, पार्टी बाईच्या नावानं चालते. तिकीट काढून समोरचा खेळ बघायचा, आणि ज्याला परवडेल त्यानं आतल्या खोलीत बैठक लावायची. तिथे फर्माईश होते, दौलतजादा होतो. या बायका बहुतेक कोल्हाटी, डोंबारी अशा समाजांतल्या. नाचणाऱ्या मुलीनं लग्न करायचं नाही, तिच्या कमाईवर घर चालायचं, ही तिथली जुनी रीत. ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणाऱ्या किशोर शांताबाई काळे यांच्या नावात, जिथे माझ्या-तुमच्या नावात वडील असतात तिथे आई आहे. क्योतोत कुणाच्या हाताखालची हे नावावरून कळतं आणि त्याचा मान असतो. इथे कुणाच्या पोटची हे नावावरून कळतं, आणि त्याचं काय झालं ते त्या पुस्तकात आहे.

गिऑनमध्ये दार उघडायला ओळख दाखवावी लागते. चौफुल्यात दार तिकिटावर उघडतं, पण बाहेर पडल्यावर ओळख लपवावी लागते. मी गाइडला पैसे देऊन, आवाज खाली करून, एका परक्या दारासमोर आदरानं उभी होते. स्वतःच्या मुलखातल्या त्याच प्रकारच्या दारासमोर माझ्या घरच्यांनी खिडकी बंद केली होती. मग हा आदर नक्की कशाचा? कलेचा म्हणावा, तर तो दोन्हीकडे असायला हवा होता. मला वाटतं, तो बराचसा अंतराचा होता. गेइकोमुळे माझ्या घराण्याची अब्रू जात नाही. तिची जात मला ठाऊक नाही. तिच्याकडे माझे आजोबा कधी गेले होते का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

यावर कुणी म्हणेल, गेइशांचं सगळं सोवळं होतं असं समजू नका. बरोबर आहे. गरीब घरांतल्या मुली तिथेही कर्जापोटी दिल्या जात, आणि ते कर्ज फेडता फेडता तारुण्य सरे. मिनेको इवासाकी या प्रसिद्ध गेइकोनं आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाला आपली हकिगत सांगितली. नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं, असं तिचं म्हणणं. १९९७ च्या कादंबरीत त्यानं तिचे नाव घेऊन आभार मानले. शिवाय कादंबरीतला कौमार्याचा लिलाव हा आपल्यावरचा कलंक आहे, असंही तिला वाटलं. तिनं २००१ मध्ये खटला भरला, तो २००३ मध्ये तडजोडीनं मिटला. तेव्हा दाराआडचं उघडं करणं हे आपोआप पुण्याचं काम ठरत नाही. कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं झाकायचं, हे त्या बाईला विचारल्याशिवाय ठरत नाही.

पण आपण लावणीच्या बाबतीत केलं ते तिसरंच. लावणी घेतली, बाई मागे ठेवली. आधी सिनेमानं, मग गॅदरिंगनं, मग अमेरिकेतल्या आपल्या मंडळांनी. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची बैठकीची लावणी आमच्या सभागृहात कुणी कधी लावलेली मला आठवत नाही. ‘लोककला’ हा शब्द इथे फार सोयीचा पडतो. जे सगळ्यांचं असतं ते कुणा एकीचं नसतं, आणि जे कुणा एकीचं नसतं त्याच्यासाठी कुणाचं देणं लागत नाही.

अमेरिकेपुरतं एक उदाहरण डोक्यात घोळत राहतं. तोक्योची एक माजी गेइशा, सादायाक्को, १८९९ मध्ये नवऱ्याच्या नाटकमंडळीबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. जपानी रंगभूमीवर तेव्हा स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, आणि ती इथे नटी झाली. न्यूयॉर्क, बोस्टन, पुढे पॅरिस. लोकांना तिची भाषा कळत नव्हती, तिच्याबद्दलचे गैरसमजही भरपूर होते. पण टाळ्या तिलाच पडत होत्या, तिच्या नावानं. परत जाऊन तिनं १९०८ मध्ये मुलींसाठी अभिनयाची शाळा काढली.

पुण्याच्या विमानात मी लेकीला खरं सांगितलं. चौफुला, खिडकी, सगळं. दौलतजादा समजावताना अडखळले. तिनं विचारलं, “त्यांना माहितीये का, आपण इथे त्यांचा डान्स करतो?” मला उत्तर देता आलं नाही. मग तिनं भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ माझ्याकडून वाचून घेतलं, रोज थोडं थोडं, कारण तिचं मराठी वाचन अडखळतं. आणि अडखळत का होईना, शेवटची काही पानं तिनंच वाचली.

यंदाच्या गणेशोत्सवात ती पुन्हा लावणी करणार आहे, बसून, फक्त अदाकारीची. निवेदन मी लिहिलं. दरवर्षी असतं तसं ‘महाराष्ट्राची लोककला’ न लिहिता, ही लावणी कुठून आली, कुणी जपली, कोणत्या समाजांतल्या बायकांनी, हे पाच वाक्यांत लिहिलं. कार्यकारिणीकडून कागद परत आला आहे. ‘कोल्हाटी’ आणि ‘बारी’ या दोन शब्दांभोवती गोल केलेला आहे, आणि समासात लिहिलं आहे: कार्यक्रम कौटुंबिक आहे, जरा बघाल का?

शनिवारी मीटिंग आहे. लेक म्हणते, मी पण येणार.