गुमान

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते असे सांगितले की हमखास प्रश्न येतो, 'म्हणजे मदरशात ना?' मग मी सांगते की आमच्याकडेही बालभारतीचीच पुस्तके असतात, फक्त उर्दूतली. गणित, विज्ञान तेच. मराठी हा विषय असतो आणि दहावीची परीक्षा राज्य मंडळाचीच. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ टक्के मुले मदरशात जातात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले आहे.

हा गैरसमज माहितीने दूर होतो. त्याचा मला राग येत नाही. खरी पंचाईत होते ती पाठराखण करणाऱ्यांपुढे. एका प्रशिक्षण वर्गात कुणीतरी मुसलमान बायकांच्या मागासलेपणावर बोलू लागले. शेजारच्या शिक्षिका चटकन माझ्या मदतीला धावल्या, "अहो, या मॅडम तशा नाहीत हं!" हेतू चांगलाच होता. मी हसले, आभारही मानले. घरी जाताना मात्र मन खाऊ लागले. 'तशा' म्हणजे कोण? माझी अम्मी बुरखा घालते. ती चौथीपर्यंतच शिकली. पण माझ्या बी.एड.च्या फीसाठी तिनेच आपल्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या. मला जो मान मिळाला तो अम्मीला बाजूला सारून मिळाला आणि मी तो मुकाट्याने घेतला.

कुराणातील ४९व्या सूरतच्या १२व्या आयतीत फार गुमान करण्यापासून दूर राहण्याची ताकीद आहे. गुमान म्हणजे न विचारता बांधलेला ग्रह. आपण त्याचा अर्थ बदगुमानी एवढाच घेतो. चांगला ग्रह ठेवावा, हे खरेच. पण चांगला असला तरी तो ग्रहच. विचारण्याचे काम त्याने संपत नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगत असते, पण माझे काय? माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर आली नाही. मनात म्हटले, हिलाही घरी बसवले. तिच्या आईला बोलावून मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व सांगितले. मी शिकलेली, मला सगळे ठाऊक! बाईने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "टीचर, आप पूछते तो बताती मैं. उसकू फळे का दिखता नहीं. लिखी नहीं तो आप गुस्सा होते, इसलिए डरती." चष्म्याचे पैसे पगारानंतर येणार होते. मुलीला घरी बसवणारी मीच होते.

मी त्या बाईची माफी मागितली. मुलीला पहिल्या बाकावर बसवले.

आता कुणी 'तुम्ही तशा नाहीत' म्हणाले तर मी भांडत नाही आणि आभारही मानत नाही. म्हणते, "माझी अम्मी तशीच आहे. तिच्याविषयी सांगू का?" काही जण ऐकतात, काही घड्याळाकडे पाहतात. मी सांगत राहते. मात्र आपल्याला कुणी विचारावे अशी अपेक्षा धरणाऱ्याने आधी स्वतः विचारायला शिकले पाहिजे. तो धडा मला माझ्याच वर्गातल्या मुलीच्या आईने दिला.